उघडून पाहण्याचा अधिकार

विकत घेतलेली वस्तु घरीं आणल्यावर ती कोणाची, हा प्रश्न वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल. दाम मोजले, पावती घेतली, वस्तु आपली झाली. यांत वाद तो कसला? परंतु आपल्या सुशिक्षित घरांतील चालरीत पाहिली म्हणजे हा प्रश्न तितकासा निकालांत निघालेला नाहीं असें दिसून येतें. घरांतला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी गाणें ऐकण्याचा हेडफोन टेबलावर घेऊन बसते, त्याचे स्क्रू काढते, आंतला ड्रायव्हर सोडवून त्या जागीं दुसरा बसविण्याची खटपट आरंभते, तोंच वडील मंडळींच्या मुखांतून तीन वाक्यें ठराविक क्रमानें बाहेर पडतात: “उघडूं नकोस, बिघडेल”, “वॉरंटी जाईल”, आणि शेवटीं, “हें आपलें काम नव्हे.” यांतलें पहिलें वाक्य भीतीचें, दुसरें अज्ञानाचें आणि तिसरें अहंकाराचें आहे. या तिहींचा समाचार घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. निमित्त एका लहानशा छंदाचें आहे; पण प्रश्न लहान नाहीं.

प्रथम छंदाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. कारण ज्याची माहिती नाहीं त्याची थट्टा करण्यांत आपला वर्ग मोठा पटाईत आहे. हेडफोनच्या प्रत्येक कपांत ध्वनि उत्पन्न करणारा एक लहानसा घटक असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नेहमींच्या जातीच्या ड्रायव्हरांत एक लोहचुंबक असतो, त्याच्या फटींत बारीक तारेचें अत्यंत हलकें वेटोळें असतें, आणि तें वेटोळें एका पातळ पडद्याला चिकटविलेलें असतें. गाण्याचा विद्युत्प्रवाह त्या वेटोळ्यांतून वाहूं लागला कीं तें चुंबकाच्या क्षेत्रांत मागेंपुढें हलतें, त्याबरोबर पडदा हलतो, पडद्यापुढची हवा हलते, आणि आपल्या कानीं स्वर येतो. यंत्र काय तें एवढेंच. बहुतेक मोठ्या हेडफोनांत या ड्रायव्हरचा व्यास ४० किंवा ५० मिलिमीटर असतो. छांदिष्ट मनुष्य कारखान्यानें बसविलेला ड्रायव्हर काढतो, निराळ्या पडद्याचा व निराळ्या चुंबकाचा सुटा ड्रायव्हर आणतो, तो जुन्या कपांत किंवा स्वतः कांतून घेतलेल्या लाकडी कपांत बसवितो, तारांना डाख देतो, आणि कानाला लावून पाहतो.

खरी गंमत येथून पुढें सुरू होते. कारण तोच ड्रायव्हर नव्या कपांत अगदीं निराळा बोलूं लागतो. पडद्यामागें कोंडलेली हवा स्प्रिंगेसारखें काम करते. कप लहान असला तर ती स्प्रिंग ताठ होते आणि अगदीं खालचा खर्ज आंखडतो. कपाला भोंक पाडलें, त्यावर कागदाची किंवा नमद्याची चकती डकविली, म्हणजे हवेची ये-जा कमीजास्त होते आणि खर्जाचें प्रमाण बदलतें. कानाभोंवतालच्या गादीनें नीट पकड घेतली नाहीं, तर हाच खर्ज फटींतून निसटून जातो. कपाच्या कठीण भिंतींवरून उंच स्वर परततात व कर्कश होतात; तेथें कापसाचा पातळ थर दिला कीं ते निवळतात. पुन्हां, एकाच जातीचे दोन ड्रायव्हरही तंतोतंत सारखे नसतात. डावा आणि उजवा जुळले नाहींत तर गायक मध्यभागीं न राहतां एका अंगाला सरकतो. म्हणून कसलेला छांदिष्ट चार-सहा नग मापून त्यांतली जुळती जोडी निवडतो. एवढ्या सगळ्या कामाला जो “पोरखेळ” म्हणेल, त्यानें ध्वनिशास्त्राचा आपला जुना क्रमिक धडा पुन्हां एकदां वाचावा. त्या धड्यांतलें प्रत्येक वाक्य या पोरखेळांत हाताला लागतें.

आतां पहिला आक्षेप घेऊं. “कारखान्यांत एवढे मोठे तज्ज्ञ बसलेले असतात, त्यांना जें कळलें नाहीं तें या पोराला कळणार काय?” हा आक्षेप करणारांना हेडफोनचा इतिहास ठाऊक नसावा. १९१० सालीं अमेरिकेंतील यूटा राज्यांतल्या नथॅनियल बॉल्डविन नांवाच्या गृहस्थानें आपल्या हातानें बनविलेली जोडी अमेरिकन नौदलाकडे परीक्षेसाठीं पाठविली. नौदलाला ती पसंत पडली व मागणी आली. तेव्हां या गृहस्थानें कळविलें कीं एका वेळीं दहांपेक्षां अधिक नग देणें आपणांस शक्य नाहीं. याचें कारण इतकेंच कीं त्याचा कारखाना म्हणजे त्याच्या घरचें स्वयंपाकघर होतें! न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतले जोसेफ ग्रॅडो हे मूळचे घड्याळजी. १९५३ सालीं त्यांनीं आपला धंदा घरांतील टेबलावर सुरू केला तो ग्रामोफोनच्या सुईचे काडतूस हातानें घडवून. त्यांच्या नांवाचे हेडफोन पुढें जगभर गेले, आणि आज ड्रायव्हर बदलण्याच्या व लाकडी कप चढविण्याच्या छंदाला हेच हेडफोन सर्वांत अधिक बळी पडतात! स्वयंपाकघरांत जन्मलेल्या विद्येनें पुन्हां स्वयंपाकघरांत पाऊल टाकलें, तर त्यांत कारखान्याचा अपमान कसला?

जवळचें उदाहरण हवें असल्यास तेंही आहे. फॉस्टेक्स या जपानी कंपनीचा टी५०आरपी नांवाचा एक हेडफोन आहे. त्याच्या ड्रायव्हरांत वेटोळें नसतें. पातळ पटलावरच वाहक रेषा छापलेल्या असून तें पटल चुंबकांच्या रांगांमध्यें ताणलेलें असतें. किंमत माफक, ड्रायव्हर उत्तम, पण कप व गाद्या सामान्य, अशी ही वस्तु. जगांतल्या शेंकडों हौशी लोकांनीं तिचे कप उघडले, आंत खेळण्याची माती लिंपून भिंती जड केल्या, कापूस भरला, भोंकें बुजविलीं, गाद्या बदलल्या. यांपैकीं डॅन क्लार्क व झॅक मेरबाख या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं या दुरुस्त्यांपासून आरंभ केला आणि पुढें स्वतःचे हेडफोन घडविणाऱ्या कंपन्या उभ्या केल्या. कारखान्याच्या तज्ज्ञांना हें कळत नव्हतें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांना तें कळत होतें. परंतु त्यांना किंमत सांभाळावयाची होती, लाखों नग एका सांच्यांतून काढावयाचे होते, आणि कोणाच्याही डोक्याला चालेल असें माप ठेवावयाचें होतें. कारखान्याची वस्तु म्हणजे ज्ञानाचा अंतिम शब्द नव्हे. ती ज्ञान आणि हिशेब यांची तडजोड होय. छांदिष्टाला हिशेबाचें बंधन नसतें; त्याचें श्रम फुकट असतात. म्हणून तो ही तडजोड मोडूं शकतो.

आणि किंमत हीच गुणाची हमी मानणारांसाठीं आणखी एक गोष्ट. २०१७ सालीं येरून ब्रेबार्ट या संशोधकानें अडीचशेंहून अधिक हेडफोनांचीं मापें तपासून असें दाखविलें कीं हेडफोनची किंमत व त्याचा स्वर-प्रतिसाद यांत म्हणण्यासारखा संबंध सांपडत नाहीं. म्हणजे जो बाप मुलाला “हात लावूं नकोस, मी तुला महागांतला आणून देतों” म्हणतो, तो प्रेमळ असेल. पण तो शहाणा ग्राहक आहे असें म्हणवत नाहीं.

दुसरें वाक्य वॉरंटीचें. मुदतीच्या आंत नवी, महागडी वस्तु उगाच फोडावी असें आम्ही कोणालाही सांगणार नाहीं. शिकण्यासाठीं जुनी, टाकाऊ, एका कानानें मुकी झालेली वस्तु प्रत्येक घरांत पडलेली असते. परंतु वॉरंटी म्हणजे देवळांतला गाभारा, आणि ग्राहकानें तेथें पाऊल टाकतांच विटाळ होतो, ही जी समजूत करून दिली गेली आहे ती मान्य करण्याचें कारण नाहीं. अमेरिकेनें १९७५ सालींच कायदा करून विशिष्ट छापाचाच सुटा भाग वापरला पाहिजे अशी अट वॉरंटीला जोडण्यास सामान्यतः मनाई केली. आणि २०१८ सालीं तेथील व्यापार आयोगानें “हें लेबल फाटल्यास वॉरंटी रद्द” अशा धाटणीच्या धमक्यांबद्दल सहा कंपन्यांना लेखी ताकीद दिली. वॉरंटी हें विक्रेत्यानें आपल्याला दिलेलें वचन आहे. आपण त्याला लिहून दिलेलें दास्यपत्र नव्हे. त्या कागदाची मुदत एक-दोन वर्षांत संपते. पण त्यानें मनाला लावलेली धास्ती जन्मभर पुरते, हें आमचें खरें दुःख आहे.

याच धास्तीच्या आश्रयानें बाजारांत एक नवी रीत रूढ झाली. २०१६ सालीं ॲपल कंपनीनें एअरपॉड या नांवाचे बिनतारी कर्णयंत्र विक्रीस आणलें. त्यांतली विद्युत्-घटी गोंदानें अशी बंद केलेली आहे कीं यंत्र न मोडतां ती बदलतां येत नाहीं. घटीचा जीव दोन-तीन वर्षांचा. म्हणून यंत्राचेंही आयुष्य तेवढेंच. ड्रायव्हर शाबूत, चुंबक शाबूत, आणि वस्तु मात्र उकिरड्यावर! इतर कंपन्यांनींही हाच कित्ता गिरविला. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटि २० लाख टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, आणि त्यांतला जेमतेम २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आल्याची नोंद आहे. युरोपीय संघानें २०२३ सालीं नियम करून अशा घटी ग्राहकाला स्वतः काढतां-घालतां आल्या पाहिजेत असें ठरविलें व त्याच्या अंमलासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख मुक्रर केली. आपल्या केंद्र सरकारनेंही २०२२ च्या जुलैंत दुरुस्तीच्या अधिकारासाठीं समिती नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या विषयाचें संकेतस्थळ उघडलें. उत्तम झालें. परंतु कायदा दार उघडील. आंत पाऊल कोण टाकणार? ज्या समाजांत स्क्रू फिरविणें कमीपणाचें वाटतें, तेथें दुरुस्तीचा अधिकार हा कपाटांत ठेवलेल्या पदकासारखा शोभेचा होऊन बसेल.

येथें आपण तिसऱ्या आणि सर्वांत घातक वाक्यापाशीं येतों: “हें आपलें काम नव्हे.” मग कोणाचें? या वाक्याचा स्पष्ट अर्थ असा कीं हातानें करण्याचें काम दुसऱ्या कोणाचें, आणि तो दुसरा आपल्याहून खालचा. ही आमच्या समाजाची जुनी व्याधि आहे. इंग्रजी शिक्षणानें ती बरी झाली नाहीं, उलट तिला पदवीचा झगा मिळाला. चुंबकक्षेत्रांत ठेवलेल्या तारेवर प्रवाहानें किती जोर पडतो याचें समीकरण फळ्यावर बिनचूक मांडणारे विद्यार्थी आम्ही वर्षानुवर्षें पाहत आलों. त्यांतल्या पुष्कळांनीं तो जोर ज्यांत काम करतो तो ड्रायव्हर कधीं डोळ्यांनीं पाहिलेला नसतो, आणि दोन तारांना डाख देण्याचा प्रसंग आला तर ते हुजऱ्याला हांक मारतात. हें ज्ञान नव्हे. ही ज्ञानाची नक्कल होय.

वास्तविक स्वर आणि हात यांचें नातें आपल्याकडे जितकें जुनें व सूक्ष्म आहे तितकें क्वचितच कोठें असेल. मिरजेचा तंबोरा घ्या. त्याच्या घोडीचा माथा किंचित् बांकदार घांसून त्यावर तारेखालीं सुताचा धागा योग्य जागीं सरकविला म्हणजे जवारी लागते, आणि मग एका तारेंतून स्वरांचा सबंध मेळावा उठूं लागतो. तबल्याच्या पुडीवरची शाई घ्या. नुसतें ताणलेलें कातडें बेसूर असतें. त्याच्या मध्यावर थरावर थर चढवून व घोटून कारागिराने त्याला सुरेल केलें. चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२० सालीं एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ नियतकालिकांत लिहून दाखविलें कीं या भारामुळेंच आपल्या मृदंग-तबल्याचे उपस्वर एकमेकांशीं सुसंवादी होतात. आणि १९२१ सालीं त्यांनीं तंबोरा व वीणा यांच्या बांकदार घोडीचा अभ्यास करून असें दाखविलें कीं तार जेथें छेडावी तेथें ज्यांचा स्थिर बिंदु पडतो ते उपस्वर उमटूं नयेत हा पाश्चात्य नियम या वाद्यांना लागू पडत नाहीं. म्हणजे शास्त्रज्ञ मागाहून आला. कारागिराचा हात व कान तेथें कित्येक पिढ्या आधींच जाऊन बसले होते. पडद्यावर भार घालून त्याचा स्वर सुधारणें आणि हवेची वाट अरुंद करून खर्ज आवरणें, ह्या क्रिया एकाच जातीच्या आहेत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला तेव्हां आपण सर्वांनीं माना डोलाविल्या. पण आपल्याच घरांतलें मूल तीच विद्या नव्या वस्तूवर करूं लागतांच आपण त्याच्या हातांतली पकड काढून घेतों!

परकी वस्तु जशी आली तशी पूजावी, हीही आपली जुनी रीत नव्हे. हार्मोनियम हें युरोपचें वाद्य. खुर्चींत बसून, पायानें भाता हलवून वाजविण्याचें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास त्याचे पाय काढले, भाता मागें हाताशीं आणला व त्याला बैठकींत बसविलें. आमच्या संगीत रंगभूमीचा वैभवकाळ याच मोडतोड केलेल्या वाद्याच्या साथीनें गाजला. त्या वेळीं कोणी “वॉरंटी जाईल” म्हणून घोषबाबूंचा हात धरला असता तर?

“पण यांत पैसा जातो,” असें एक बारीक आवाजांतलें चवथें वाक्य आहे. जातो, पण किती? डाख देण्याची साधी काडी, मापनाचा एक मीटर, सुट्या ड्रायव्हरची एखादी जोडी, एवढ्या भांडवलावर आरंभ होतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड व पुण्याची तपकीर गल्ली यांच्या फेरींत साधनसामग्री हातीं येते. जे पालक एका शिकवणीवर्गाला वर्षाकाठीं निमूटपणें लाखाचा आंकडा लिहून देतात, त्यांनीं या खर्चाची तक्रार करूं नये.

तथापि छंदाची बाजू घेतली म्हणून छांदिष्टांच्या सर्व लीला आम्हांस मान्य आहेत असें कोणीं समजूं नये. या क्षेत्रांत भोंदूगिरीही भरपूर आहे. चांदीची वायर लावली कीं सतारीच्या तारा झळाळतात, हेडफोन शेंकडों तास वाजवून “पिकविला” कीं तो गोड होतो, अशा गप्पा ऐकूं येतात. आणि अशा वायरी हजारों रुपयांना विकल्याही जातात. जो स्वतःच्या हातानें घडवितो त्याला स्वतःच्या हातचें गोडच लागतें. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि म्हणूनच येथें कानाइतकाच मापाचा आधार घेतला पाहिजे. आज साधा मापनाचा मायक्रोफोन व फुकट मिळणारी संगणक-प्रणाली यांच्या साह्यानें स्वर-प्रतिसादाची रेषा घरीं काढतां येते. बदलापूर्वींची व नंतरची रेषा शेजारीं ठेवावी, आणि कोणता हेडफोन कोणता हें न सांगतां मित्राला ऐकवावें. २०१२ पासूनच्या वर्षांत सीन ऑलिव्ह व त्यांचे सहकारी यांनीं हार्मन कंपनींत असे अंध प्रयोग करून दाखविलें कीं बहुसंख्य श्रोत्यांची आवड एकमेकांशीं बरीच जुळते. “माझा कान निराळा” ही ढाल म्हणूनच फार वेळ टिकत नाहीं. जो छांदिष्ट माप घ्यायला नाकारतो तो कारागीर नव्हे, तो गंडेदोरे विकणारा होय. त्याची वकिली आम्ही करणार नाहीं.

तसेंच धोक्यांविषयीं. स्थिरविद्युत् जातीच्या हेडफोनांना ५८० व्होल्टपर्यंत दाब दिलेला असतो. नवशिक्यानें त्यांच्या वाटेस जाऊं नये. बिनतारी यंत्रांतली लिथियमची घटी टोंचली किंवा वांकविली तर पेट घेते. आणि सर्वांत मोठा धोका कानांचा: जगांतले शंभर कोटींहून अधिक तरुण मोठ्या आवाजांत ऐकण्याच्या संवयीमुळें कायमच्या बहिरेपणाच्या छायेंत आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे. परंतु येथेंही जाणता मनुष्य अधिक सुरक्षित असतो. ज्याला गादीची पकड नीट बसविण्याचें महत्त्व कळलें, तो निसटलेला खर्ज परत मिळविण्यासाठीं आवाज वाढवीत बसत नाहीं. ज्याचें यंत्र त्याला अगम्य आहे, त्याच्या हातीं केवळ एकच चावी असते, ती आवाज मोठा करण्याची.

शेवटीं आमचें मागणें अगदीं थोडें आहे. पालकांनीं घरांतला एखादा बंद पडलेला हेडफोन मुलांच्या स्वाधीन करावा, आणि तो पुन्हां वाजला नाहीं तरी रागावूं नये. न वाजण्याचें कारण शोधतांना मूल जें शिकेल तें कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकांत नाहीं. महाविद्यालयांनीं आपल्या प्रयोगशाळांत अशा कामाला एक टेबल द्यावें, आणि त्या टेबलावरची कामगिरी परीक्षेच्या गुणांइतकी मोलाची मानावी. आणि आपण सर्वांनीं “हें आपलें काम नव्हे” हें वाक्य आपल्या घरांतून हद्दपार करावें. ज्या वस्तूचें पोट उघडून पाहण्याची आपल्याला मनाई आहे, ती वस्तु आपण विकत घेतलेली नसते. ती आपण भाड्यानें घेतलेली असते, आणि भाडें म्हणून आपली जिज्ञासा देत असतों. हा सौदा आजवर फार स्वस्तांत झाला. पुढच्या पिढीनें तो पुन्हां करूं नये, एवढ्यासाठींच हा वाद.